आडनावाचा माग: आधी कागद, मग डीएनए

मंडळी, घराण्याचं मूळ शोधायचं म्हटलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो डीएनए चाचणीचा. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी कागद धुंडाळा. चाचणीला विचारायचा प्रश्न आपल्याला माहीत असावा लागतो, आणि तो कागदांतूनच हाती येतो.

होळ गावात राहणाऱ्याला तिथं कुणी होळकर म्हणत नाही. गाव सोडून परमुलखात गेला की तो होळकर होतो. गायकवाडांच्या मागोमाग देशावरून, कोकणातून बडोद्याला आलेल्या आपल्या घराण्यांचंही तेच झालं. कुणी मागं राहिलेलं गाव लावलं, तर कुणी मिळालेला हुद्दा: फडणीस, चिटणीस, पोतनीस, मुजुमदार. त्यामुळे सख्ख्या भावांच्या वंशात दोन आडनावं निघू शकतात, आणि दोन कुलकर्ण्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो, कारण कुलकर्ण गावोगाव वेगवेगळ्या घराकडे होतं.

ही गुंतागुंत सुटते ती नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. उपाध्याय आधी आडनाव आणि गाव विचारतात, मग बासन सोडतात. आत यात्रेकरूनं स्वतः लिहिलेला किंवा लिहवून घेतलेला लेख असतो: बापाचं नाव, आजाचं, भाऊ, मुलगे, मूळ गाव अमुक, हल्ली वस्ती बडोदें. ‘मूळ’ आणि ‘हल्ली’ एकाच ओळीत सांगणारा असा कागद दुसरीकडे क्वचितच मिळतो. जुने लेख मोडीत आहेत, तेव्हा वाचणारा माणूस बरोबर न्या, नाहीतर दोन महिने बसून स्वतः मोडी शिका. वतन-इनामवाल्यांना पुण्याच्या पुरालेखागारातही वंशावळी मिळतात, कारण १८५२ नंतर इनाम कमिशनपुढं हक्क सिद्ध करायला त्या दाखल कराव्या लागत.

आता डीएनए. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे आपल्या आडनावाच्याच वाटेनं. दोन शाखांतल्या पुरुषांची वाय चाचणी केली, त्या गुणसूत्रावरची ३७ ठरावीक ठिकाणं ताडून पाहिली आणि सगळी किंवा एखादं सोडून बाकीची जुळली, तर समान पूर्वज गेल्या काही शतकांतला असण्याची शक्यता मोठी. ही चाचणी गावाचं नाव सांगत नाही. अहवालात ‘आर१ए’ असा वायचा वंशगट आला म्हणून कुणी हुरळून जाऊ नये. तो गट हजारो वर्षांचा, पूर्व युरोपापासून भारतापर्यंत अनेक जातींत पसरलेला. आपलं आडनाव त्याच्यापुढं कालचं पोर. वडील-आई दोन्हीकडची सर्वसाधारण चाचणीही लवकर थकते: खापरपणजोबा-खापरपणजी एकच असलेल्या दोन चुलतभावंडांत सरासरी जेमतेम ०.८ टक्के डीएनए समान असतो.

आणि दत्तक! आपल्याकडे हा प्रश्न टाळून पुढं जाताच येत नाही. १८७५ साली बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं, तेच सयाजीराव महाराज. कवळाणेकर हे बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे मूळ पुरुष पिलाजीराव यांच्याच वंशातले, म्हणून अशा दत्तकानं वायची वाट मोडत नाही. पण मुलीचा मुलगा दत्तक घेतला असेल, तर आडनाव पुढं चालतं आणि वाय दुसऱ्या घराण्याचा येतो. दोन शाखांचा वाय जुळला नाही तर लगेच कुणाच्या आजीबद्दल कुजबुज करू नका. फार वाईट वाटतं मला अशा वेळी. आधी दत्तकपत्र शोधा.

म्हणून चाचणीसाठी माणसं निवडताना वंशावळ समोर ठेवा. सर्वांत आधी फुटलेल्या दोन शाखा घ्या, एक बडोद्यातली, एक मूळ गावी राहिलेली. प्रत्येकीतून दोन पुरुष घ्या, म्हणजे कुठं दत्तक असलं तरी ते कुठल्या फांदीवर झालं याचा अंदाज येईल. शाखेतल्या सर्वांत वयस्कर आजोबांचा नमुना पहिला घ्या, आणि त्याआधी त्यांची लेखी संमती.