ल्युअरला लागणारे तळाचे मासे

(नांदेड येथे हौशी गळकरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, ल्युअर म्हणजे गळाचं खोटं आमिष. ते टाकणारा माणूस मनात एक मासा ठरवूनच काठावर उभा राहतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा मरळ असतो. रबरी बेडूक शेवाळावरून टुणटुण आणायचा आणि पाणी फुटण्याची वाट बघायची. हा सगळा खेळ पाण्याच्या वरच्या थरातला. पण बेडूक सोडून जिग, म्हणजे जड डोक्याचा आणि रबरी शेपटीचा गळ, बांधली, ती तळाला टेकू दिली आणि काळ्या गाळातून हळूहळू ओढली, की ज्याचा विचारही केलेला नसतो तो मासा येतो. शिंगटा येतो, शिवडा येतो, कधी चिलापी येते. आणि काठावर लगेच कुणीतरी म्हणतं, ‘चुकून लागला!’

हे ‘चुकून’ मला पटत नाही. तळाचा मासा ल्युअरवर तुटून पडतो त्याला कारण असतं. कारणं मुख्यतः दोनच, भूक आणि राखण. आपल्या गळाला लागलेला मासा यातल्या कुठल्या कारणाने आला हे ओळखता आलं पाहिजे, कारण पुढे त्या माशाचं काय करायचं ते त्यावर ठरतं. आज मला बोलायचंय ते एवढ्याचसाठी.

आधी भूक. शिवड्याचं तोंड कधी जवळून पाहिलंय? जबड्याची फट डोळ्याच्याही मागे जाते. आत बारीक दातांचे पट्टे, मागे वळलेले. वरच्या जबड्याच्या दोन मिशा इतक्या लांब की पोटाच्या पलीकडे पोचतात, खालच्या दोन मात्र आखूड. अंगाला खवले नाहीत. हा दिवसा डोहात, खडकाच्या कपारीत पडून राहतो आणि तिन्हीसांजेला शिकारीला निघतो. गढूळ पाण्यात त्याला दिसत काय असणार? पण त्याला ऐकू फार छान येतं. शिंगटा, शिवडा, रोहू, कटला या सगळ्या गोत्राच्या माशांत वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज वाताशयावर आदळतो आणि या हाडांतून थेट कानात जातो. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या संवेदनशील रेषेला, पार्श्वरेखेला, पाण्याची हालचाल कळते. म्हणजे तुमच्या जिगने तळाच्या मुरुमावर केलेली टकटक आणि रबरी शेपटीची थरथर त्याला पुरते. रबराला ना वास ना चव, तरी तो तोंड मारतो, कारण चव बघायला थांबला तर भक्ष्य निसटतं. तळाशी दबा धरणाऱ्याला क्षणात ठरवावं लागतं. कणीक किंवा गांडूळ लावून बसणाऱ्यांना हा झटका माहीत नसतो. तिथे मासा आधी चाचपतो.

आता राखण. माझ्या मते जास्त महत्त्वाची बाजू हीच, आणि हौशी लोकांचं सर्वात कमी लक्ष असतं ते हिच्याकडेच. चिलापी घ्या. हा मूळचा आफ्रिकेचा मासा, १९५२ साली भारतात आणला गेला, आता आपल्या बहुतेक तलावांत आहे. शेवाळ आणि तळातला कुजका भाग खाऊन जगणारा. मग तो स्पिनरवर, म्हणजे गरगर फिरणाऱ्या चकचकीत पात्याच्या ल्युअरवर, का धडकतो? कारण विणीच्या काळात नर उथळ तळावर वाटीसारखा खड्डा करतो आणि त्या खड्ड्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते, नर मात्र तिथेच अडून राहतो. तुमचा स्पिनर त्याच्या खड्ड्यावरून गेला म्हणजे त्याच्या दृष्टीने घरात चोर शिरला.

शिंगट्याचंही असंच. तोही तळात खड्डा करून अंडी घालतो आणि त्यांची राखण करतो. पाऊस येण्याच्या सुमाराला नांदेडजवळच्या विष्णुपुरी बंधाऱ्याच्या फुगवट्यात काठालगत जिग ओढताना शिंगटा लागला तर तो भुकेनेच आला असं समजू नका. मरळ तर सगळ्यांच्या ओळखीची. तिची केशरी-लाल पिल्लं झुंडीने वर-खाली करत असतात आणि खाली आई-बाप असतात. त्या झुंडीवर बेडूक टाकला की मरळ हमखास तोंड मारते, हे जाणूनच काही जण मुद्दाम तिथे टाकतात. मी हे अतिशय वाईट काम मानतो. राखणारा उचलला की ती पिल्लं तासाभरातही फस्त होऊ शकतात. काठावर मासा एक येतो, पण जातं अख्खं बिऱ्हाड.

शिवडा मात्र राखण करत नाही. पुराच्या पाण्यात, उथळात अंडी टाकतो आणि निघून जातो. म्हणून त्याचा झटका भुकेचाच समजायचा. पण म्हणून तो घरी न्यावा असंही मी म्हणणार नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद आता ‘असुरक्षित’ जातींत आहे. त्याला विणीसाठी वर चढायला वाहती नदी लागते, आणि पैठणपासून खाली आपल्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आपेगाव, हिरडपुरी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे बंधारे एकामागून एक उभे आहेत. त्याच्याही खालच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतात. तो निकाल पाणीवाटपाचा, माशांचा त्यात विचार नाही. पण मासे चढण्याचे महिने नेमके तेच असल्याने तेवढी वाट मोकळी राहते. त्यात वाळूचा उपसा. वाळू गेली की डोहाचा तळ जातो, कपारी गाळाने बुजतात आणि तळाच्या माशाला थारा उरत नाही. ज्या डोहात वर्षानुवर्षं जिगला फक्त चिलापीच लागते, तिथे तळाचं काय झालं असेल याचा विचार करा.

मासा हातात घेण्याबद्दल थोडं. शिंगट्याला ओळखायचं ते चार जोड मिशांवरून आणि शेपटीआधीच्या मांसल परावरच्या काळ्या ठिपक्यावरून. त्याच्या पाठीवरचा काटा आणि दोन्ही बाजूंचे काटे ताठ उभे राहतात, बाजूच्या काट्यांना करवतीसारखे दाते असतात. घाईने मूठ आवळली की तळहातात घुसलाच. ओलं फडकं घ्या, डोक्यामागून, काट्यांच्या मागच्या अंगाने धरा, पक्कड लांब दांड्याची ठेवा. तीन तोंडी गळ काढून एकेरी लावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासा काठावरच्या तापलेल्या खडकावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात तो खडक पायाला सोसत नाही, तर बिनखवल्याच्या कातडीचं काय होत असेल? सोडताना पाण्यातच धरून ठेवा, तो स्वतः जोर करेपर्यंत.

आफ्रिकन मांगूर लागला तर मात्र परत सोडायचा नाही. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे, तो दिसेल ते खातो आणि नदीत नकोच.

आत्ता मागून प्रश्न आला, वाम लागते का? लागते, पण क्वचित, आणि तीही गांडुळासारखा बारीक रबरी ल्युअर दगडांच्या फटीत अगदी सावकाश हलवला तर. तिच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, उलट्या दिशेने हात फिरवू नका. दुसरा प्रश्न, पैठणच्या नाथसागर जलाशयात चालतं का? तिथे पक्षी अभयारण्य आहे, जलाशयाचे नियम वेगळे. आधी परवानगीचं बघा. बाकी तलावांवरही ठेका बहुधा मच्छीमार संस्थेचा असतो. तिथल्या भोई मंडळींना विचारून बसा. शिंगटा सध्या कुठे खड्डे करतोय हेही तेच तुम्हाला सांगतील, म्हणजे ती जागा टाळता येईल.