त्या दिवशी गोव्यात तारीख काय होती?

नमस्कार मंडळी.

गेल्या शनिवारी आपल्या मराठी शाळेच्या फळ्यावर दिनविशेष होता : ६ जून. शिवराज्याभिषेक, १६७४. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या, १९४४. खाली ठळक अक्षरांत 'एकच दिवस!' मागच्या बाकावरून तिसरीतल्या मुलीनं विचारलं, "पण राज्याभिषेक झाला तेव्हा फ्रान्समध्येपण ६ जूनच होता?" बाई गप्प. दारात चहाचे कप घेऊन उभे असलेले आपणही गप्प.

नव्हता हो! फ्रान्समध्ये १६ जून होता. लांब कशाला, गोव्यातही १६ जूनच. पोर्तुगालनं पोपचं नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनंच धरून बसले. आपली ६ जून ही त्यांची, म्हणजे रायगडावर हजर असलेल्या कंपनीच्या वकिलाच्या, हेन्री ऑक्झेंडनच्या कॅलेंडरातली.

तेव्हा दिनविशेष पुढे ढकलण्याआधी (व्हॉट्सॲपवर आपला अंगठा फार चपळ आहे) आधी कागद कोणाचा ते बघा. इंग्रजांचा आणि सप्टेंबर १७५२ आधीचा असेल तर सतराव्या शतकात १० दिवस मिळवा, १७०० च्या मार्चपासून ११. मग वार ताडून पाहा. कॅलेंडर बदलताना तारखा उडाल्या, वार नाही : बुधवार २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी इंग्रजांकडे गुरुवार १४ उजाडला.

इथंही आपली एक गोची आहेच. १६७४ च्या ६ जूनला शनिवार येतो आणि जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांची जुनी टिपणवही) शुक्रवार सांगते. चूक कोणाचीच नाही. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती, म्हणजे ७२ मिनिटं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, साहेबाचा मध्यरात्री.

आणि तिथीला हसू नका. नॉर्मंडीचा मुहूर्तही चंद्र बघूनच काढला होता : छत्रीधारी सैनिकांना चांदणं हवं, बोटींना पहाटे ओहोटी हवी. ठरला होता ५ जून, हवेमुळे एक दिवस पुढे गेला. त्या दिवशी ज्येष्ठ पौर्णिमा होती!

आपल्या मंडळाचं पंचांग मात्र त्याहून सोपं. हॉल स्वस्तात मिळेल तो शनिवार. पाडवा एप्रिलअखेर, दिवाळी नोव्हेंबरच्या थंडीत. आणि तारीख की तिथी यावर कार्यकारिणीत भांडायला आपण सगळ्यांत पुढे.

पण पोरीचा प्रश्न आहे तिथंच आहे. फळ्यावर १६ जून लिहायचं, तर त्याच हिशेबानं १९ फेब्रुवारी १६३० चा १ मार्च करावा लागेल. ते कार्यकारिणीपुढे कोण मांडणार? आणि ६ जूनच ठेवायचं, तर खालच्या 'एकच दिवस!'चं काय करायचं? बाईंनी अजून फळा पुसलेला नाही. परवा शाळा आहे.