खंबाटकीत दमलेली गाडी

(दृश्य : शिरवळजवळ हायवेलगतचं एक गॅरेज. सकाळ. शटर अर्धं वर.)

पुण्याहून वाईकडे परतताना खंबाटकीचा चढ लागला की गाडी ओढत नाही. ॲक्सिलरेटर तळाला टेकतो, मागचे ट्रकवाले हॉर्न मारतात आणि आरशात काळा धूर दिसतो. प्रवासी भाड्यावर चालणारी, दोन लिटर डिझेल इंजिनाची ही सात सीटर गाडी आहे, बीएस-४ची, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या आधीच्या नियमांतली. डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जड तुकडा पडलाय. महिन्यापूर्वी दुसरीकडे काढलेला हा ईजीआर व्हॉल्व्ह. नवा बसवला, चेक इंजिनची लाइट विझली. चौथ्या दिवशी पुन्हा पेटली.

"कोड काय आला होता, दादा?"
"तोच. पी०४०१."

ईजीआर म्हणजे एग्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, पण गॅरेजात एवढं लांबलचक कोणी म्हणत नाही. इंजिनातून बाहेर चाललेल्या धुरातला थोडा भाग परत आत घ्यायचा, एवढंच त्याचं काम. ऐकायला उलटं वाटतं. पण हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला हा वायू सिलिंडरमधली आग फार तापली की ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. जळालेला वायू मिसळला की ऑक्सिजन घटतो आणि आगीचा पारा उतरतो. डिझेल कारसाठी या ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला २५० मिलिग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि ती ८० झाली.

(जवळून : मेनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळीचं तोंड. त्यातून फिरणारं बोट काळं होऊन बाहेर येतं.)

त्याची किंमत इथे दिसते. धुरातली काजळी आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या भागातून येणारी वाफ इथे एकत्र होतात. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला बसतो तसा थर, फक्त ओला आणि चिकट. गावातल्या गावात, गरम होण्याआधीच बंद होणाऱ्या गाड्यांत तो लवकर साचतो. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर चढावर हवेच्या जागी धूर भरतो, पिकअप जातो, आयडलिंगला गाडी थरथरते. बंदच अडकला तर चालवणाऱ्याला बहुधा काहीच कळत नाही. लाइट लागते, तेवढंच.

पी०४०१ चा अर्थ : ईजीआरचा प्रवाह अपुरा. फिर्यादीत नाव आलं म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही, आणि नेमकं इथेच बरेच पैसे वाया जातात. कारण अशा बहुतेक गाड्यांत परत येणारा धूर मोजणारं यंत्रच नसतं. मोजली जाते ती एअर फिल्टरमधून येणारी ताजी हवा. धूर आत आला की तेवढी ताजी हवा कमी यायला हवी. ती पुरेशी कमी झाली नाही, तर कॉम्प्युटर ठरवतो की धूर येत नाही. सगळा हिशोब अंदाजाचा.

मिस्त्री म्हणूनच पाना उचलत नाहीत. स्कॅनर लावतात आणि इंजिन आयडलिंगला ठेवतात.

(दृश्य : स्कॅनरचा पडदा. मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका ओढीला सिलिंडरमध्ये आलेली ताजी हवा.)

दोन लिटरचे चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी अर्धा लिटर. लिटरभर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम. पूर्ण भरलं तर एका स्ट्रोकला सहाशे मिलिग्रॅम, प्रत्यक्षात थोडं कमी. व्हॉल्व्ह बंद असताना पडद्यावर ५२० आहे. स्कॅनरवरून उघडायचा हुकूम दिला. इंजिनाचा आवाज जरा जड झाला आणि आकडा ३१० वर उतरला. बंद केला, पुन्हा ५२०.

"व्हॉल्व्हला काही झालेलं नाही. चोर दुसरीकडे आहे."

हा व्हॉल्व्ह विजेच्या मोटरवर चालतो. जुन्या गाड्यांत तो व्हॅक्यूमवर चालायचा. तिथे आधी रबरी नळ्या बघायच्या. उष्णतेनं त्या चिरतात, आणि बोटभर नळीपायी लोक अख्खा व्हॉल्व्ह बदलतात. कूलंट कमी होतंय, पण खाली थेंब नाही आणि धूर पांढरा, असं असेल तर ईजीआर कूलरवर, म्हणजे परत येणारा धूर कूलंटनं थंड करणाऱ्या भागावर संशय घ्यावा. ही गळती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. २०१८ साली दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा कंपनीनं कारण दिलं ते ईजीआर कूलरच्या गळतीचंच. लाखावर गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आणि एक देशी इलाज आहे, मध्ये पत्र्याची प्लेट मारून वाटच बंद करायची. गंमत म्हणजे अशी गाडी पीयूसीत छान पास होते. डिझेलच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, आणि प्लेट मारल्यावर तो कमीच होतो. नायट्रोजन ऑक्साइड तिथे कुणी मोजत नाही.

आपल्या गाडीकडे येऊ. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, इंटरकूलर ती वाटेत थंड करतो. मिस्त्री टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजच्या खालून हात फिरवतात. तळवा तेलकट, त्यावर धूळ. क्लॅम्प सैल केला, होज उलटा केला. नखाएवढी चीर. हातानं वाकवल्यावरच उघडते.

(जवळून : चीर उघडते, मिटते.)

चढावर टर्बोचा दाब वाढला की मोजून आत घेतलेली हवा इथून निसटायची. कॉम्प्युटरच्या हिशोबात ती इंजिनात गेलेली. हवा जास्त दिसते, म्हणजे धूर कमी येतोय, म्हणून पी०४०१. इंजिनाला प्रत्यक्षात हवा अपुरी, म्हणून काळा धूर. दोन्ही तक्रारी एकाच चिरेतून.

नवा होज बसवून गाडी घाटात नेली. दुसऱ्या वळणाला तिसरा गियर पडला. आरसा स्वच्छ.

परतल्यावर चावी काढली. बॉनेटखालून दोन-तीन सेकंद घरघर आली. व्हॉल्व्ह स्वतःच उघडझाप करून काजळी झटकतोय. डिकीतला जुना व्हॉल्व्ह मिस्त्रींनी त्याच प्लगला जोडला आणि स्कॅनरवरून हुकूम दिला. उघडला. बंद झाला.

गाडीवाल्यानं तो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि डिकीत ठेवला.