खातं किती नि चालतं किती?

नमस्कार श्रोतेहो.

ड्रोन म्हटलं की कालपरवाचं यंत्र, असं आपण धरून चालतो. लग्नाच्या वरातीवर घोंघावायला लागलं तेव्हा ते आपल्याला दिसलं, म्हणून. पण चार कोपऱ्यांना चार पंखे आणि मधे माणूस, अशा यंत्रानं पहिल्यांदा जमीन सोडली ती १९०७ साली, फ्रान्समध्ये. ब्रेगे बंधूंनी ते बांधलं आणि त्यांना साथ होती शार्ल रिशे यांची. हे रिशे शरीरशास्त्राचे प्राध्यापक, पुढे १९१३ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. उडण्याचं वेड कुणाला लागेल सांगता येत नाही. तर हे यंत्र उचललं गेलं जेमतेम, आणि तेही चार माणसं चार कोपरे धरून उभी असताना. ताकदीला ते कमी नव्हतं. तोलाला कमी होतं.

नंतर १९२४ साली ओमिशेन नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं मोठ्या पंख्यांच्या जोडीला तोलासाठी आणखी छोटे छोटे पंखे लावले आणि एक किलोमीटरचा फेरा मारून दाखवला. तिथून पुढे मात्र दुनिया हेलिकॉप्टरच्या मागे गेली. चार पंख्यांची कल्पना अडगळीत पडून राहिली ती जवळजवळ ऐंशी वर्षं.

ती बाहेर कुणी काढली? तुमच्या खिशातल्या मोबाइलनं. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं ना, ते करणारी एक चिप असते, नखापेक्षाही लहान. यंत्र किती कललं, किती वेगानं वळलं, हे ती सांगते. फोन कोट्यवधींनी विकले गेले, चिप मातीमोल झाली, आणि तीच ड्रोनच्या पोटात जाऊन बसली. चार पंख्यांपैकी दोन घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलटे. एकमेकांचा पीळ ते मारून टाकतात, नाहीतर सगळा सांगाडाच गरगर फिरला असता. उजवीकडे वळायचं तर त्यातली एक जोडी थोडी जलद, दुसरी थोडी संथ. बस्स. ना शेपूट, ना सुकाणू. हा हिशेब सेकंदाला शेकडो वेळा होतो, आणि तो माणसाच्या हातून होणं शक्यच नव्हतं. ते चार कोपरे धरलेले चौघे जण आता त्या चिपमध्ये आहेत, असं मी वर्गात सांगतो.

आमच्या ग्वाल्हेरला हे वारं लागलं डिसेंबर २०२१ मध्ये. माधव इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या एमआयटीएसमध्ये, ड्रोन मेळा भरला होता. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये तिथे ड्रोन स्कूल सुरू झालं. तेव्हापासून शहरातल्या लष्कर भागातल्या गल्ल्यांतली पोरं सोल्डरिंगचा धूर काढत बसलेली दिसतात. नवशिक्याचा पहिला अपघात हमखास एकच: पंखे बसवताना डावं-उजवं चुकतं. दिसायला चारही सारखेच, पण पात्याचा उतार नीट पाहिला तर दोघांचा एकीकडे, दोघांचा दुसरीकडे. चुकीचा बसला की तो हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलतो आणि ड्रोन जागच्या जागी कोलांटी मारतो. पोरं हसतात, पातं मोडतं, नवं आणतात. मला विचाराल तर पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा ही कोलांटी जास्त शिकवते.

लोक ड्रोनबद्दल काय विचारतात? किती उंच जातो, कॅमेरा केवढ्याचा. जनकगंजातल्या आमच्या एका काकूंनी मात्र, नातवाचा ड्रोन गच्चीवरून दहा-बारा मिनिटांत खाली येताना पाहून, सरळ विचारलं, "अरे, हे खातं किती नि चालतं किती?"

श्रोतेहो, या क्षेत्रातले जगभरातले शहाणे सध्या याच प्रश्नाशी झुंजताहेत. तोलाचं कोडं सुटलं, पोटाचं सुटलेलं नाही.

हिशेब असा आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा हजार वॅट-तास ऊर्जा असते. ड्रोनच्या एक किलो लिथियम बॅटरीत साधारण दोनशे. आता कुणी म्हणेल, मग दोन बॅटऱ्या लावा. लावा की! पण त्या उचलायच्या कुणी? हवेत एका जागी तरंगणाऱ्या यंत्राचं वजन दुप्पट झालं की लागणारी शक्ती दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेतीनपट होते. म्हणजे काही मिनिटं वाढतात, मग वाढत नाहीत, आणि त्यापुढे बॅटरी केवळ स्वतःलाच उचलण्यात संपते.

शेतात हे लख्ख दिसतं. इथून मुरैना, भिंडकडे निघालात तर जानेवारीत दोन्ही अंगांना मोहरी पिवळीधमक. तिच्यावर मावा पडतो, इकडचे शेतकरी माहू म्हणतात त्याला. पाठीवरच्या पंपानं एकरभर फवारायचं तर दीडशे लिटरच्या आसपास पाणी आणि माणसाचा अर्धा दिवस. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन तेच दहा मिनिटांच्या आत उरकतो, पंख्यांच्या वाऱ्यानं पानं हलतात म्हणून औषध आतवर पोचतं, आणि माणूस विषाच्या धुरळ्यात चालत नाही. यात शंका घ्यायला जागा नाही. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेली ड्रोन दीदी योजना त्यासाठीच आहे: पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त आठ लाखांची मदत. पण बांधावर जाऊन पाहा. ड्रोन एक, बॅटऱ्यांचे जोड तीन-चार, शेजारी जनरेटर धडधडतोय. उतरलेली बॅटरी चटका बसेल इतकी तापलेली असते. तिला निवू न देता चार्जिंगला लावली की काही दिवसांनी ती पापडासारखी फुगते आणि हजारो रुपये पाण्यात. आणि हे जानेवारीत! मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा हवाच हिवाळ्यापेक्षा जवळपास दहा टक्के विरळ होते. पंख्यांना धरायला हवा कमी, म्हणून मोटर जास्त राबते, म्हणून मिनिटं आणखी घटतात. विक्रेत्याच्या कागदावर लिहिलेला वेळ आपल्या दुपारचा नसतो, हे पक्कं ध्यानात ठेवा.

मग तोड काय? एक तोड जुनीच आहे: पंख. घिरट्या घालणाऱ्यापेक्षा पंखांवर सरकणारं यंत्र फार कमी खातं. रवांडात ऑक्टोबर २०१६ पासून झिपलाइन कंपनी रुग्णालयांना रक्त पोचवते ते अशाच ड्रोननं. तो गोफणीसारखा सोडला जातो, रुग्णालयावर उतरतच नाही, खोक्याला छोटं पॅराशूट लावून वरूनच टाकतो आणि परत जातो. उतरणं आणि पुन्हा उडणं हाच महागाचा भाग, तो त्यांनी काढूनच टाकला. मला ही कल्पना भारी आवडते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ मध्ये आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, मणिपूरच्या लोकटाक सरोवरातल्या करांग बेटावर लस ड्रोननं पोचवली. रस्त्यानं सव्वीस किलोमीटर, हवेतून पंधरा, आणि वेळ पाव तासाच्या आत.

दुसरी तोड पक्ष्यांची. पक्षी सारखा उडत नाही, बसतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये बहिरी ससाण्याच्या पायांवरून ड्रोनला पंजे केले. फांदीवर आदळताच ते आपोआप आवळतात, मोटर बंद, आणि वरून टेहळणी चालू. तिसरी तोड सूर्याची. मंगळावर १९ एप्रिल २०२१ रोजी उडालेलं इन्जेन्युइटी हे १.८ किलोचं हेलिकॉप्टर, त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम, आपल्या आयआयटी मद्रासचे. पाच उड्डाणांपुरतं बांधलं होतं, झाली बहात्तर. पण दिवसभर उन्हात चार्ज होऊन एका वेळी उडणार किती, तर तीन मिनिटांच्या आतच. साठवलेली बरीचशी वीज मंगळाच्या रात्री गारठून मरू नये म्हणून ऊब राखण्यात जायची.

डोक्याच्या बाबतीत मात्र हे प्राणी भराभर पुढे गेलेत. झुरिकच्या स्विफ्ट नावाच्या ड्रोननं शर्यतीतल्या माणूस-विजेत्यांना हरवलं, ऑगस्ट २०२३ मध्ये ते नेचर या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. अंगावरच्या कॅमेऱ्यानं पाहायचं नि अंगावरच्याच संगणकानं ठरवायचं. मार्ग ठरलेला आणि प्रकाश ठरलेला होता, हेही सांगायला हवं. आपल्या चंबळच्या बेहडात त्याला सोडला तर काय होईल, याची मला उत्सुकता आहे.

जाता जाता नियमाचं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून तो कुठेही उडवता येतो असं नाही. महाराजपुऱ्याला वायुदलाचा तळ आहे. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर लाल, पिवळं, हिरवं पाहिल्याशिवाय गच्चीवर चढू नका.

शेवटी मोहरीकडे येतो, कारण अगदी लहान ड्रोनची गोष्ट तिथेच आहे. हार्वर्डच्या रॉबर्ट वुड यांच्या प्रयोगशाळेत माशीएवढा रोबोट केलाय, नाव रोबोबी, वजन ८० मिलिग्रॅम, सेकंदाला १२० वेळा पंख मारतो. २०१३ मध्ये तो उडाला, पण वीज जमिनीवरून केसासारख्या तारेनं येत होती. २०१९ मध्ये त्याच्या नव्या भावंडानं तार तोडली, तीही प्रखर दिव्यांखाली आणि क्षणभरच. उद्या अशा यंत्रमाश्या फुलांचं परागीभवन करतील, असं काही जण हौसेनं सांगतात. मला ते पटत नाही. मुरैना भागात मोहरीच्या फुलोऱ्यात मधपेट्या मांडून बसलेले लोक पाहा. त्यांची माशी जवळपास त्याच वजनाची, चार्जर नाही, जनरेटर नाही, थेंबभर मकरंदावर दोन-तीन किलोमीटर जाऊन परत येते. आणि तीच माशी दुपारी, भर फुलोऱ्यात उडवलेल्या फवारणीच्या ड्रोनखाली मरते. ड्रोन भरभर काम करतो, तशी चूकही तो भरभर करतो, आणि वारा असेल तर शेजारच्या शेतातही.

तेव्हा मावा पडलाच असेल आणि फवारायचंच असेल, तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर, वारा पडल्यावर फवारा. आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला एक फोन करा. तो पेट्यांची दारं बंद ठेवील, नाहीतर रात्रीतून त्या हलवील.

नमस्कार.