भिंतीतल्या नांदरुकाची गुटी

फोंड्याकडच्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीत एक नांदरूक आलं होतं. जांभ्या दगडाच्या सांध्यात कुठल्यातरी पाखरानं टाकलेलं बी, मी शाळेत असतानाचं. माझं लग्न होऊन मुलं झाली तोवर त्याचं खोड मनगटाएवढं झालं आणि भिंतीला पोट आलं. गवंड्यानं बघितलं आणि म्हणाला, "बाय, झाड काढ, नाहीतर येत्या पावसात भिंत खाली येईल." त्याचं खरंच होतं. पण ते झाड उपटून दुसरीकडे लावता येण्यासारखं नव्हतं. मुळं दगडांच्या पोटात गेलेली, आपला हात पोचणार नाही इतकी आत.

समोर टेबलावर जे बोन्साय ठेवलंय, ती त्याच नांदरुकाची एक फांदी. ती तोडून लावलेली नाही. झाडावर असतानाच तिला तिची स्वतःची मुळं आली, आणि मग ती वेगळी केली. यालाच आपण गुटी म्हणतो.

गुटी तुम्हाला नवी नाही. डाळिंबाला, लिंबाला, चिकूला आपले बागायतदार ती कायम बांधतात. त्यांना रोप हवं असतं, आणि ते रोप आईच्या गुणांचं हवं असतं. मुळं एका बाजूनं फुटली की चारी बाजूंनी, याची त्यांना फारशी फिकीर नसते, कारण ती मातीखाली जाणार. बोन्साय करणाऱ्याचं सगळं लक्ष मात्र तिथंच असतं. खोड मातीतून वर येतं त्या जागी मुळं चहूकडे पसरलेली दिसली, तर दोन वितींचं झाडही म्हातारं, ठाण मांडून बसलेलं वाटतं. जपानी लोक त्याला नेबारी म्हणतात. बियाच्या रोपात नेबारी मिळाली तर नशीब. गुटीत मात्र चाकू जिथं फिरेल तिथं त्या झाडाची जमीन ठरते. उंच फांदीवर दोन फाटे छान फुटलेत? त्यांच्या खाली चार बोटांवर गुटी बांधा, तिथून झाड सुरू होईल. मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

आता हे होतं कसं? झाडात वाहतूक दोन वाटांनी चालते. मुळांकडचं पाणी लाकडातल्या जलवाहिन्यांतून वर जातं. पानांनी केलेली साखर सालीतल्या रसवाहिन्यांतून खाली येते. आपण फक्त सालीचं कडं काढतो, लाकडाला धक्का लावत नाही. त्यामुळे पानांना पाणी मिळत राहतं, फांदी हिरवी राहते. खाली येणारी साखर आणि शेंड्याकडून येणारं संप्रेरक, ऑक्सिन, मात्र कड्याच्या वरच्या काठाशी अडतं. तिथं साल फुगते. मार्चेलो माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञानं १७व्या शतकातच साल काढलेल्या फांद्यांवर ही सूज पाहिली होती. त्या सुजेला अंधार आणि ओल मिळाली की तिच्यातून मुळं फुटतात. म्हणून मुळं नेहमी वरच्या काठाला येतात, खालच्या नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

मी पहिल्यांदा चुकले ती इथंच. कडं काढलं, पण अर्ध्या बोटाचं. साल निघाली आणि खाली पांढरं, गुळगुळीत लाकूड दिसलं, म्हटलं झालं. गुटी बांधली. अडीच महिन्यांनी सोडली तर मूळ एकही नाही. वरच्या काठाची साल खाली उतरून खालच्या सालीला भेटली होती, वाट पुन्हा सुरू झाली होती. फांदी मजेत होती, तिला मुळांची गरजच उरली नव्हती. त्या चुकीपायी भिंतीला वर्षभर वासे टेकून उभं ठेवावं लागलं.

म्हणून हे नीट बघा. ही फांदी अंगठ्याएवढी जाड आहे. कड्याची रुंदी हिच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट. आधी दोन गोल काप, मग दोन्हींना जोडणारा एक उभा काप, आणि साल पाकिटासारखी उघडायची. चीक येईल, ओल्या फडक्यानं पुसत राहा. आता बोट फिरवा. बुळबुळीत लागतंय ना? हे कॅम्बियम. याच्यापासून झाड नवी साल आणि नवं लाकूड तयार करतं. चाकूची धार आडवी धरून ते खरवडायचं, बोटाला कोरडं, किंचित खरखरीत लागेपर्यंत. घाई करू नका, पूर्ण गोल फिरा. मागची बाजू नेहमी राहून जाते. शेवटी वरचा काठ नव्या पात्यानं पुन्हा एकदा स्वच्छ कापायचा. मुळं तिथून येणार, तिथं चिंध्या नकोत. संप्रेरकाची पावडर लावायची तर तीही त्याच काठाला.

मग मॉस, म्हणजे वाळवलेलं शेवाळ. भिजवून मुठीत असं पिळायचं की पाण्याचा थेंबही सुटू नये. काथ्याचा भुसाही चालतो. त्याचा गोळा काठाच्या वर-खाली येईल असा घट्ट दाबायचा, प्लॅस्टिक गुंडाळायचं, दोन्ही टोकं सुतळीनं आवळायची आणि वरून काळा कागद किंवा फॉईल. आपल्या उन्हात नुसत्या पारदर्शक पिशवीत मॉस तापतं.

पुस्तकं सांगतात, गुटी कोरडी पडू देऊ नका. गोव्यात जून-जुलैत संकट उलटं असतं. फांदीवरून ओघळणारं पाणी वरच्या गाठीतून आत शिरतं, मॉसचा चिखल होतो आणि नुकती आलेली मुळं कुजतात. म्हणून वरची गाठ अगदी करकचून बांधा आणि खालची थोडी सैल, म्हणजे शिरलेलं पाणी वाट काढेल. ऑक्टोबरनंतर बांधली तर बरोबर याच्या उलट.

वेळेचं म्हणाल तर ज्येष्ठातली पहिली मोठी सर पडून गेली की वड, पिंपळ, नांदरूक तयार. नेमक्या त्याच दिवसांत वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्यांचे ढीग लागतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्यात पडतात. मला ते बघवत नाही. त्यातल्या प्रत्येक फांदीला झाडावर असताना मुळं आली असती.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली. मुलगी इंग्लंडला असते, परसात बीचचं झाड आहे, त्याची गुटी होईल का? होईल, पण तिथंच. बीचला हिवाळ्याची खरी झोप लागते, आपल्या हवेत ते टिकणार नाही, आणि परवान्याशिवाय परदेशातून जिवंत रोप आणताही येत नाही. जपानातल्या बीचच्या जातीला बुना म्हणतात. तिथल्या शिराकामी-सांचीच्या बुनाच्या रानाला १९९३मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बोन्सायसाठी तिची राखाडी, गुळगुळीत साल मोठी देखणी. पण पातळ, एकदा लागलेला घाव वर्षानुवर्षं दिसतो, म्हणून चाकू जपून. बीच वर्षातून बहुधा एकदाच पालवतं. वसंतातली लुसलुशीत पानं गडद आणि टणक झाली, साधारण मे संपता-संपता किंवा जूनमध्ये, की कडं काढायचं. आपलं नांदरूक दीड महिन्यात मुळं दाखवतं. बीचला पूर्ण उन्हाळा द्यावा लागतो, कधी दुसरं वर्षही. आणि ताई, मुलीला एक आठवणीनं सांगा. बीचची वाळलेली तपकिरी पानं हिवाळाभर फांदीवर तशीच राहू शकतात. फांदी मेली समजून तिनं गुटी सोडू नये.

तोडायची केव्हा? आपल्याकडे ज्येष्ठात बांधलेली गुटी चवथीच्या सुमारास तयार होते. फॉईल बाजूला करून बघा. पांढरी मुळं दिसली की सगळे आनंदानं करवत काढतात. थांबा. ती पिवळसर-तपकिरी होऊन त्यांना बारीक फाटे फुटले पाहिजेत. मग गोळ्याच्या खाली कापा, वरची पानं थोडी कमी करा, आणि मॉस न काढता तसंच कुंडीत बसवा. मुळं काचेसारखी तुटतात. तारेनं कुंडीला घट्ट बांधा, झाड हललं की नवी मुळं फाटतात. खालचा लाकडाचा खुंट लगेच सपाट करायचा मोह आवरा, तो पुढच्या पावसाळ्यात.

आता ही गुटी मी तुमच्यात फिरवते, गेल्या ज्येष्ठातली आहे. पिशवीतून मुळांचा रंग बघा आणि सांगा, हिला आज कापावं की अजून पंधरा दिवस ठेवावं?