बुवा उभे राहण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

गावोगावच्या हरिनाम सप्ताहातली कीर्तनं आता मोबाईलवरून लाईव्ह दाखवली जातात. पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मुलं, दुबईत नोकरीला असलेला पुतण्या, गुडघ्यांमुळे उंबरठा न ओलांडणारी आजी, सगळे त्यासाठी वेळ काढून बसतात. आपल्याकडे रात्री 9 वाजता कीर्तन उभं राहतं, तेव्हा दुबईत साडेसात वाजलेले असतात आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा. तिथं कुणी हातातलं काम बाजूला ठेवून आपल्या गावचा मंडप बघत असतो. म्हणून लाईव्ह दाखवण्याच्या तयारीबद्दल आज मला बोलायचं आहे.

आमच्या गावी एका वर्षी लाईव्हचं काम माझ्याकडे होतं. दुपारी मंडपात उभं राहून मी सगळं तपासलं. रेंज भरपूर, चित्र स्वच्छ. रात्री निरूपण रंगात आलं आणि दहाच्या सुमारास लाईव्ह अडकलं. मला वाटलं, टॉवर बंद पडला. टॉवर चालूच होता. माझा दिवसाचा डेटा संपला होता.

हा हिशोब साधा आहे, पण आधी करावा लागतो. 720पी दर्जाचं चित्र पाठवायला सेकंदाला साधारण 4 मेगाबिट लागतात. दोन तासांच्या कीर्तनाला झाले सुमारे साडेतीन जीबी. रोजच्या 2 जीबीच्या पॅकवर ते जेमतेम तासभर चालणार, आणि दुपारची चाचणीही त्याच पॅकमधून गेलेली. तेव्हापासून सप्ताहासाठी वेगळं सिम घेतो आणि त्यावर दुसरं काही चालवत नाही.

दुसरी गोष्ट, वेग तपासताना आपली नजर डाउनलोडवर जाते. आपल्याला पाठवायचं आहे, म्हणजे अपलोड बघायचा. चार हवा असेल तर आठ तरी दिसला पाहिजे. आणि तो दुपारी बघून उपयोग नाही. रात्री मंडपात पाचशे माणसं बसली की पाचशे मोबाईल एकाच टॉवरला लागतात. आदल्या रात्री, कीर्तनाच्याच वेळी, कॅमेरा जिथं लावणार तिथं उभं राहून बघा. शेजारच्या घरात ब्रॉडबँड असेल तर त्यांना विनंती करून वायर ओढा. वायरीला गर्दीचा त्रास होत नाही. फक्त त्यांचा राउटर इन्व्हर्टरवर आहे ना, तेवढं विचारून घ्या.

आता आवाज. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळ यालाच द्यावा. चित्र थोडं धूसर झालं तरी माणूस ऐकत बसतो. शब्द कळेनासा झाला की उठून जातो. मोबाईलच्या स्वतःच्या माईकला बुवांपेक्षा जवळचा जनरेटर मोठा वाटतो. म्हणून साऊंडवाल्याकडून मिक्सरच्या ऑक्समधून, म्हणजे आवाज वेगळा बाहेर काढायच्या जोडणीतून, वेगळी लाईन मागून घ्या. इथं एक फसगत हमखास होते. साधी स्टिरिओ पिन मोबाईलमध्ये बसते, पण तिच्यावर दोनच काळ्या रेघा असतात. माईक ओळखायला मोबाईलला तीन रेघांची पिन लागते. पिन बसली म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मोबाईल आपल्याच माईकवरून ऐकत राहतो. ओळखायचं कसं? लाईव्ह ऐकणाऱ्याला कानाला हेडफोन लावायला सांगा आणि मोबाईलवर नखानं खरवडा. ती खरखर त्याला ऐकू गेली, तर लाईन लागलेली नाही. शिवाय मिक्सरचा आवाज मोबाईलला झेपण्यापेक्षा मोठा असतो, तो फाटतो. मधे छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तो आवाज मोबाईलला झेपेल असा करून देणारी डबी, लावला तर उत्तम.

आवाजाची पातळी एकट्या माणसाच्या ‘हॅलो, चेक’वर कधीच लावू नका. टाळकऱ्यांना उभं करा, पखवाज वाजू द्या, ‘जय जय रामकृष्ण हरी’चा गजर पूर्ण चढू द्या आणि मग बघा. वीस जोड टाळ एकदम वाजले की सगळे हिशोब बदलतात. झूमसारख्या ॲपवरून दाखवत असाल तर गोंगाट कमी करणारी सोय बंद करा, कारण त्या यंत्राला टाळ म्हणजे गोंगाटच वाटतो.

बाकीचं थोडक्यात. मोबाईल चार्जरला लावूनच ठेवा, आणि तो बोर्ड मंडपाच्या हॅलोजनपासून वेगळा घ्या. डू नॉट डिस्टर्ब चालू करा, नाहीतर ऐन अभंगात फोन येतो. यूट्यूबवर पहिल्यांदाच लाईव्ह जाणार असाल तर परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत लागू शकतात आणि मोबाईलवरून जायला किमान 50 सबस्क्रायबर लागतात. म्हणून हे काम सप्ताह बसण्याआधीच उरका.

आणि खरी चाचणी मंडपात होत नाही. आपल्या हातातला मोबाईल सगळं ठीकच दाखवतो. संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला की अनलिस्टेड लाईव्ह, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसणारं, लावा आणि लिंक फक्त एकाच घरी पाठवा. मी पुण्याला मावशीला पाठवतो. तिला फोन करून विचारतो, टाळ ऐकू येतात का, बोल कळतात का. लाईव्ह दहा-वीस सेकंद मागून जातं, त्यामुळे ती क्षणभर गप्प राहते. मग म्हणते, “आला रे आवाज, वीणासुद्धा ऐकू येतेय.” तेव्हा मी साऊंडवाल्याला खूण करतो, की आता कुठल्याच बटणाला हात लावू नकोस.