७२ तासांची गोळी आणि न विचारलेले प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

औषधाच्या दुकानात बाकीची गिऱ्हाइके निघून जाईपर्यंत बाजूला थांबायचे, मग हलक्या आवाजात गोळीचे नाव सांगायचे आणि कागदात गुंडाळलेली पुडी पर्समध्ये टाकून एकही प्रश्न न विचारता निघून जायचे, अशीच पुष्कळ स्त्रियांची, आणि त्यांच्यासाठी गोळी न्यायला आलेल्या पुरुषांचीही, रीत असते. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले ते १९२१ साली. शंभर वर्षे उलटली तरी हा संकोच पुरता गेलेला नाही. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीविषयी मी आज बोलणार आहे, ते त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी.

या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे संप्रेरक दीड मिलिग्रॅम असते. रोज घ्यायच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांतही हेच संप्रेरक बऱ्याच कमी प्रमाणात असते, त्यामुळे हे काही अनोळखी, जहाल औषध नाही. आपल्या देशात २००५ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, आणि सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमातली ‘ईझी पिल’ नावाची गोळी आरोग्य केंद्रांतून आणि आशाताईंकडून दिली जाते.

ती नेमके काय करते, हे एकदा समजले की बाकीच्या बहुतेक शंका आपोआप सुटतात. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषाचे शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे संबंध आला त्याच क्षणी गर्भ राहतो असे नाही. शुक्राणू वाट पाहत असतात आणि बीज अजून यायचे असते. या मधल्या अवकाशात गोळी पोटात गेली, तर बीज बाहेर पडण्याचा मेंदूकडून येणारा इशारा ती अडवते, बीज लांबणीवर पडते आणि तोवर शुक्राणू नाहीसे होतात. तो इशारा आधीच मिळालेला असेल, तर मात्र गोळीच्या हातात फारसे काही उरत नाही.

म्हणूनच ७२ तास हा आकडा वीजबिलाच्या शेवटच्या तारखेसारखा वाचू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, एरवी राहिली असती अशा गर्भधारणांपैकी पहिल्या २४ तासांत औषध सुरू केल्यास सुमारे ९५ टक्के टळल्या, दुसऱ्या दिवशी सुरू केल्यास ८५ टक्के आणि तिसऱ्या दिवशी केवळ ५८ टक्के. शनिवारी रात्री निरोध फाटला आणि गोळी मंगळवारी सकाळी घेतली, तर मुदत पाळली गेली खरी, पण मधले मोलाचे दिवस वाया गेलेले असतात. तेव्हा पाळीच्या तारखा मोजत बसण्यापेक्षा जवळच्या दुकानातून किंवा आशाताईंकडून गोळी आणून ताबडतोब घ्यावी. पाकिटात पाऊण मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या असतील, तर दोन्ही एकदमच घेता येतात.

आता ज्या गैरसमजाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ वाटते, त्याविषयी. ही गर्भपाताची गोळी नाही. गर्भ रुजल्यानंतर तिचा काहीही उपयोग होत नाही, आणि दिवस गेले आहेत हे माहीत नसताना चुकून घेतली गेली, तरी बाळाला तिच्यापासून अपाय होत असल्याचे आढळलेले नाही. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन आणि मिझोप्रोस्टॉल ही निराळी औषधे असतात आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. दुकानदाराने ‘पाळी आणायची गोळी’ म्हणून हातावर ठेवलेले ते पाकीट घरी बसून घेणे जिवावर बेतू शकते, कारण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असेल तर या औषधांनी तो निघत नाही आणि अंगावरून बेसुमार जाऊ लागल्यास घरी उपाय नसतो. पाळी चुकली असेल, तर आधी तपासणी करावी आणि मग डॉक्टरांकडे जावे. गर्भपात आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर मान्य आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचे कारण अविवाहित स्त्रीलाही सांगता येते.

बलात्कार किंवा जबरदस्ती झाली असेल, तर कोणत्याही रुग्णालयाने, मग ते सरकारी असो वा खासगी, पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार केले पाहिजेत असा कायदा आहे. तातडीची गर्भनिरोधक गोळी हा त्या उपचारांचाच भाग आहे, आणि उपचारांसाठी आधी पोलिसांत तक्रार केलेली असण्याची गरज नाही. घरच्यांनी तिला धीर द्यावा आणि उशीर न करता रुग्णालयात न्यावे.

गोळी घेतल्यावर मळमळ, डोकेदुखी, चक्कर असे त्रास काही जणींना होतात आणि एक-दोन दिवसांत थांबतात. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती घेता येते. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि अपस्माराची काही औषधे यांच्यामुळे मात्र गोळीचा जोर कमी पडतो. ती चालू असतील तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे ते मात्रा वाढवतील किंवा तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी, सुचवतील. तांबी बसवणे हाही तातडीचा उपाय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत ती बसवली, तर ९९ टक्क्यांहून अधिक खात्री मिळते, वजन जास्त असले तरी तिच्या परिणामात फरक पडत नाही, आणि ३८०-ए प्रकारची तांबी पुढे दहा वर्षे काम देते.

‘वारंवार घेतली तर मूल होणार नाही का?’ असे मला पुष्कळदा विचारले जाते. नाही, या गोळीने वंध्यत्व येत नाही. पण ती बीज पुढे ढकलते, नाहीसे करत नाही. त्यामुळे गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर ते लांबलेले बीज नेमके तेव्हाच बाहेर पडू शकते आणि दिवस राहू शकतात. शिवाय पुन्हा पुन्हा घेतल्याने पाळीचे वेळापत्रक विस्कटते. निरोध, रोजची माला-एन गोळी, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन किंवा तांबी यांपैकी आपल्याला मानवेल ते साधन त्याच भेटीत ठरवून घ्यावे. एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासून यांपैकी फक्त निरोध वाचवतो.

या गोळीनंतर पाळी काही दिवस अलीकडे किंवा पलीकडे सरकते आणि रक्तस्राव कमी-जास्त होतो, त्याने घाबरून जाऊ नये. अपेक्षित तारखेनंतर आठवडा उलटूनही पाळी आली नाही, किंवा आली ती नेहमीपेक्षा फारच थोडी असली, तर लघवीची तपासणी करावी. त्यासाठीचे ‘निश्चय’ किट आशाताईंकडे मिळते. ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखू लागले, तर तपासणीचीही वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नमस्कार.